जोडे, पायडल आणि नवा सायकलस्वार

सायकल विकत घेताना माणूस चौकटीचा धातू, गिअरांची संख्या, ब्रेकची जात आणि रंगाची झळाळी यांची जितकी कसोशीने चौकशी करतो, तितकी ज्या दोन जागी त्याचे सारे श्रम यंत्राच्या स्वाधीन होतात त्या पायडलांची करीत नाही. आणि ज्या जोड्यांच्या मध्यस्थीने हे श्रम पायडलापर्यंत पोचतात, त्यांचा विचार तर बहुधा बोटांना मुंग्या येऊ लागल्यानंतरच त्याच्या मनात येतो. वस्तुतः मिनिटाला ७५ फेरे अशा मध्यम लयीने पाय चालविले तरी तासाभरात ४,५०० फेरे होतात, आणि दहा तासांच्या प्रवासात प्रत्येक पाऊल ४५,००० वेळा त्याच एका जागी दाबले जाते. चालताना पावलाची भूमी दर क्षणी बदलते, भार टाचेपासून अंगठ्यापर्यंत सरकतो आणि प्रत्येक स्नायूला विसाव्याचा एक निमिष तरी मिळतो. सायकलवर मात्र चवड्याचा तोच तसूभर भाग अखंड राबतो. यास्तव जोड्यातील जी खोट चालताना नजरेआड होते, ती सायकलवर तीनचार तासांत असह्य ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आज अनेकांपुढे नव्याने उभा आहे. पुण्यासारख्या शहरात एकेकाळी कारकून, विद्यार्थी आणि कामगार यांची दररोजची गरज असलेली सायकल गेल्या दहापंधरा वर्षांत हौसेचे, आरोग्याचे आणि काहींच्या बाबतीत साहसाचे साधन म्हणून पुन्हा प्रतिष्ठित झाली आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, तेव्हा त्या हौसेला बळ मिळाले. आणि २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांच्या मुदतीत कापावयाच्या ब्रेव्हे राइडमध्ये आता पन्नाशी उलटलेले गृहस्थ आणि गृहिणीही नाव नोंदवितात. अशा नवागताला पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतो की, पायडलात अडकणारे जोडे घेतल्यावाचून खरी सायकल चालविता येत नाही. दुसरा त्याला सिग्नलवर उभ्या उभ्या कोसळलेल्या मित्राची हकीकत ऐकवितो. आणि तिसरा दुकानातला सर्वांत महाग जोडा दाखवून मोकळा होतो. या परस्परविरोधी साक्षींतून निवाडा कसा करावा, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो: हा निवाडा दोनच गोष्टींवर व्हावा, एक आपल्या पावलाचा आकार आणि दुसरी म्हणजे आपल्या नित्याच्या वाटेवर पाय जमिनीला किती वेळा टेकावा लागतो ही बाब. वेगाचा आणि ऐटीचा विचार त्यानंतर करावा.

पाऊल पायडलावर स्थिर राहावे ही खटपट सायकलीइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ शर्यतपटूंनी पायडलाच्या पुढे लोखंडी पिंजरा आणि त्यातून ओवलेली चामड्याची वादी वापरली. वादी आवळली की पाऊल पक्के बसे, परंतु ते सोडवावयाचे तर हात खाली नेऊन ती सैल करावी लागे. इटलीतील चिनेल्ली या कारखान्याने १९७० च्या सुमारास वादीवाचून जोडा अडकविणारे पायडल काढले, पण त्याचीही कळ हातानेच सोडावी लागत असल्याने ते फारसे रूढ झाले नाही. बर्फावरील स्कीचे बंध बनविणाऱ्या फ्रान्सच्या लुक या कंपनीने मात्र १९८४ साली आपले जुने कसब सायकलीच्या कामी लावले, आणि टाच बाहेरच्या बाजूस वळविताच पाऊल मोकळे होईल असे पायडल बाजारात आणले. पुढच्याच वर्षी बर्नार इनो याने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली, आणि पिंजऱ्याचे युग ओसरू लागले. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी नावाची पद्धती काढली. तिच्यात जोड्याच्या तळातील खोबणीत बसणारी आणि पायडलात अडकणारी पोलादी क्लीट इतकी लहान होती की, तो जोडा घालून माणूस जमिनीवर निर्धास्त चालू शकत असे. शर्यतीबाहेरच्या सायकलस्वाराच्या दृष्टीने ही दुसरी घटना पहिलीपेक्षा अधिक मोलाची ठरली.

आज बाजारात जे प्रकार मिळतात त्यांची वर्गवारी या इतिहासावरून सहज करता येते. पहिला वर्ग सपाट पायडलांचा. त्यात जुन्या काळच्या भक्कम सायकलींवरील रबरी ठोकळ्यांच्या पायडलांपासून चवडा पुरता सामावून घेणाऱ्या, लहान लहान पिना बसविलेल्या रुंद पायडलांपर्यंत सारे येतात. दुसरा वर्ग दोन बोल्टांच्या क्लीटचा, म्हणजे एसपीडी आणि तिच्या धर्तीवरच्या पद्धतींचा. यांत क्लीट तळाच्या आत दडलेली असते आणि पायडल बहुधा दोन्ही बाजूंनी पकडते. तिसरा वर्ग तीन बोल्टांच्या मोठ्या, प्लास्टिकच्या क्लीटचा. ती तळाबाहेर आलेली असल्याने दाब रुंद जागेवर पसरतो, पण तीवर चालणे म्हणजे टाचेवर तोल सांभाळीत लंगडणे होय, आणि हॉटेलाच्या ओल्या फरशीवर ते धोक्याचेही आहे. यांखेरीज एका बाजूस सपाट आणि दुसऱ्या बाजूस एसपीडीची पकड असे दुहेरी पायडलही मिळते. ते काहीसे जड असते आणि हवी ती बाजू पायाने चाचपून घ्यावी लागते, तरी संक्रमणकाळात ते फार उपयोगी पडते. पिंजरा-वादीचा प्रकार मात्र नवशिक्याने टाळावा. सैल ठेवला तर त्याचा लाभ थोडा, आणि आवळला तर पाय काढण्याची अडचण मोठी.

अडकणाऱ्या पायडलांच्या बाजूने नेहमी पुढे येणारा मुद्दा असा की, त्यांच्यामुळे पाऊल वर येतानाही पायडल ओढता येते आणि शक्तीचा अपव्यय टळतो. ऐकावयास हे पटते. परंतु प्रयोगांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. २००७ साली कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम वर ओढावयास सांगितले, तेव्हा पायडलावरील बलाची दिशा अधिक ‘सुबक’ झाली खरी, पण शरीराची कार्यक्षमता घटली. तेवढ्याच कामासाठी अधिक ऊर्जा खर्ची पडली. २०१६ साली कोलोरॅडो विद्यापीठातील स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी धावण्याचे साधे बूट व सपाट पायडल, तेच बूट व पिंजरा, आणि सायकलीचे खास जोडे व क्लीट अशा तीन जोडणींची तुलना केली; मध्यम श्रमाच्या पातळीवर ऊर्जेच्या खर्चात त्यांना उल्लेखनीय फरक आढळला नाही. याचा अर्थ क्लीट निरुपयोगी असा नव्हे. शर्यतीच्या अंतिम धावेत, जेथे सर्व बळ काही क्षणांत ओतावयाचे असते, तेथे क्लीटचा लाभ निर्विवाद आहे. तसेच पाय वेगाने फिरताना, खडबडीत रस्त्यावर हादरे बसताना किंवा थकव्याने लक्ष उडालेले असताना पाऊल जागचे हलत नाही, हाही गुण लहान नाही. तथापि रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या माणसाने सपाट पायडलामुळे आपण काही गमावीत आहो असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

आता पावलाकडे वळू. चवड्यात पाच लांब हाडे असतात, आणि त्यांच्या पुढच्या गोलसर टोकांवर पायडलाचा जवळजवळ सगळा भार येतो. या टोकांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा गेलेल्या असतात. जोडा अरुंद असला, पट्टा आवळलेला असला किंवा तळ लवचीक असून क्लीट एकाच बिंदूवर टोचत असली म्हणजे या नसा दाबल्या जातात, आणि प्रथम मुंग्या, मग बधिरता, आणि शेवटी चवड्याखाली निखारा ठेवावा तशी आग असा क्रम सुरू होतो. त्यात उन्हाळ्याची भर पडली की पाऊल सुजते, आणि सकाळी सहाला नेमका बसलेला जोडा अकराच्या सुमारास घट्ट होतो. आपल्याकडील वाचकांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी: जन्मभर अनवाणी वावरलेल्या दक्षिण भारतीय लोकांच्या पावलांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचा चवडा बुटांची सवय असलेल्यांहून रुंद आढळला. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण अनवाणी किंवा चपलांत गेलेले असते, उलट सायकलीचे बरेच जोडे युरोपीय धाटणीच्या अरुंद साच्यावर बेतलेले असतात. सबब लांबीचा आकडा जुळला म्हणजे जोडा जुळला असे समजणाऱ्याची फसगत होण्याचा संभव फार. काही कंपन्या त्याच मापाचा रुंद नमुना काढतात. तो आवर्जून मागावा.

जोडा पारखण्याची रीत सोपी आहे, पण सवड मागते. संध्याकाळी, पाऊल दिवसभराच्या वावराने पसरलेले असताना दुकानात जावे, आणि प्रवासात वापरावयाचे मोजे बरोबर न्यावेत. कागदावर उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, पेन्सिलीने पावलांची आकृती काढावी. बहुधा एक पाऊल दुसऱ्याहून किंचित मोठे निघते, आणि माप त्या मोठ्या पावलाचे धरावे. जोड्यातील आतला पातळ तळवा बाहेर काढून या आकृतीवर ठेवला तर करंगळीची बाजू कोठे बाहेर येते हे तत्काळ दिसते. जेथे आकृती तळव्याबाहेर जाते, तेथेच पुढे जोडा चावणार हे निश्चित समजावे. जोडा पायात घातल्यावर पुढे बोटे मोकळी हलावीत, मध्ये कमानीवर पकड घट्ट पण सुखाची असावी, आणि टाच वर उचलली तरी जोड्यातून निसटू नये. सायकलीचा जोडा मुद्दामच ताठ केलेला असतो, म्हणून चालताना तो अवघडल्यासारखा वाटला तर त्यावरून त्याला नापसंत करू नये. परंतु बोटांना आज जो दाब जाणवतो तो ‘वापराने सैल होईल’ ही ग्वाही मात्र मानू नये, कारण आजचे कृत्रिम कापड जुन्या चामड्याप्रमाणे पावलाचा आकार घेत नाही.

तळाच्या ताठपणाविषयी अतिरेकी मते ऐकू येतात. कार्बनचा तळ सर्वांत ताठ आणि हलका, नायलॉनचा त्याहून थोडा लवचीक आणि पुष्कळ स्वस्त. ताठ तळ दाब सर्व पावलावर पसरवितो हे खरे, पण त्याचा आकार पावलाला जुळत नसेल तर तीच ताठरता शिक्षा होते. आणि ज्याला वाटेत चढ चालत चढावा लागतो, त्याला किंचित लवणारा तळ अधिक मानवतो. नवागताने नायलॉनचा मध्यम ताठ तळ घ्यावा आणि उरलेला पैसा चांगल्या मोज्यांवर खर्चावा. बंदाचे प्रकार तीन: नाडी, चिकटणारे पट्टे आणि चकती फिरवून आवळावयाची तार. नाडीने दाब सर्वत्र सारखा वाटला जातो, पण तिचे मोकळे टोक उजव्या बाजूच्या चेनमध्ये सापडू नये म्हणून ते आत खोचण्याची दक्षता घ्यावी लागते. पट्टे आणि तार यांची सोय अशी की, पाऊल सुजू लागताच चालत्या सायकलवरही ती सैल करता येतात.

जो सपाट पायडलांवरच राहणार आहे, त्याला खास जोड्यांचीही निकड नाही, परंतु कोणताही बूट चालतो असेही नाही. धावण्याच्या बुटाचा जाड, मऊ तळ प्रत्येक दाबाबरोबर चेपतो आणि चवडा पायडलाच्या कडांवरून वाकतो. त्याऐवजी पातळ, सपाट आणि बऱ्यापैकी घट्ट रबरी तळाचा साधा बूट पिनांवर उत्तम चिकटतो. पायडल मात्र रुंद असावे. सायकलीबरोबर आलेले अरुंद प्लास्टिकचे पायडल बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक फेरफार होय. नायलॉनच्या पायडलाचे धातूच्या पायडलापुढे फारसे काही उणे नसते, आणि पाय घसरून ते नडगीवर आपटले तर त्याच्या पिना जखमही हलकी करतात. पायडल बदलताना एवढे स्मरावे की, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. म्हणजे दोन्ही बाजूंस पाना सायकलीच्या पुढच्या दिशेने फिरविला की पायडल आवळते आणि मागच्या दिशेने फिरविला की सुटते. आट्यांना थोडे ग्रीस लावले नाही तर गंजून बसलेले पायडल काढण्यासाठी पुढे मिस्त्रीकडे धाव घ्यावी लागते.

क्लीटकडे जावयाचे ठरले तर तिची जागा ठरविणे हेच मुख्य काम, आणि दुकानात ते पाच मिनिटांत उरकले जाते हीच खरी हरकत आहे. जोडा पायात घालून अंगठ्यामागचे हाड बाहेरून बोटाने चाचपावे आणि तेथे चिकटपट्टीचा तुकडा लावावा. तसाच करंगळीमागच्या हाडापाशी दुसरा. पायडलाचा आस या दोन खुणांच्या मधोमध, किंवा लांब पल्ल्यासाठी त्याहून थोडा मागे, यावा अशी क्लीट बसवावी. ती फार पुढे गेली की चवड्याची आणि पोटरीची दोहोंचीही तक्रार सुरू होते. मग उंच टेबलाच्या कडेवर बसून पाय सैल सोडावेत आणि पावलांची टोके आपोआप कोणत्या दिशेला वळतात ते पाहावे. कोणाची सरळ राहतात, कोणाची बाहेर झुकतात, आणि दोन्ही सारखी असतीलच असा नियम नाही. क्लीटचा कोन या स्वाभाविक दिशेला धरून असावा, कारण पावलाला बळेच सरळ केले तर त्याचा दंड गुडघा भरतो. बहुतेक क्लीटमध्ये पावलाला थोडे इकडेतिकडे फिरण्याची मुभा ठेवलेली असते. शिमानोच्या तीन बोल्टांच्या क्लीटमध्ये ती रंगावरून ओळखतात: पिवळीत ६ अंश, निळीत २ अंश आणि लालमध्ये शून्य, नवागताने पिवळीच घ्यावी. दोन बोल्टांच्या पद्धतीत एसएच-५६ ही क्लीट टाच एकाच दिशेला न वळविताही सुटते, म्हणून पहिल्या वर्षात ती एसएच-५१ पेक्षा अधिक विश्वासाची. पायडलावरील ताणाचा स्क्रू अगदी सैल ठेवावा, आणि क्लीटचे बोल्ट नीट आवळून पहिल्या काही प्रवासांनंतर पुन्हा तपासावेत. बोल्ट ढिला झाला तर पाय वळतो, पण क्लीट सुटत नाही, आणि हा प्रसंग रहदारीत ओढवणे इष्ट नव्हे.

सुटण्याचा सराव हा जोड्याइतकाच आवश्यक आहे. प्रथम भिंतीचा आधार घेऊन, नंतर मोकळ्या मैदानावर, अडकविणे आणि सोडणे इतके घोटावे की त्यासाठी विचार करावा लागू नये. थांबावयाचे आहे हे कळताच, वेग पुरता मंदावण्यापूर्वी पाय मोकळा करावा. नवशिके पडतात ते बहुधा वेगात नव्हे, थांबल्यानंतरच्या एका क्षणात. आपल्या देशात वाहने डावीकडून चालतात, सबब डावा पाय सोडण्याची आणि तोल किंचित डावीकडे ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे पडलोच तर रस्त्याच्या कडेला पडू, उजवीकडून येणाऱ्या वाहनासमोर नाही. एवढा सराव करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने क्लीटचा नाद धरू नये.

पायडल किंवा जोडा बदलला की तळाची जाडी बदलते, आणि तिच्याबरोबर सीटची उंचीही काही मिलिमीटरनी फिरवावी लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मग गुडघा दुखू लागतो आणि खापर क्लीटवर फुटते. एका वेळी एकच फेरफार करावा आणि त्याचा परिणाम दोनतीन प्रवासांत पाहावा. चवडा बधिर होत असेल तर आधी बंद सैल करावा, मग क्लीट मागे न्यावी, आणि त्यानेही भागले नाही तर रुंद जोडा पाहावा. बधिरता सायकलवरून उतरल्यावरही टिकत असेल, किंवा मधुमेहामुळे पावलांची संवेदना मुळातच मंद असेल, तर हे प्रयोग वैद्यांच्या सल्ल्यावाचून करू नयेत.

आपले हवामानही या निवडीत पक्षकार आहे. पावसाळ्यात ताम्हिणीच्या वाटेवर जाणाऱ्याचा जोडा भिजणारच. तेव्हा जलरोधक जोड्यापेक्षा पाणी लवकर सोडणारा जाळीचा जोडा बरा, कारण वरून आत शिरलेले पाणी जलरोधक कापड तितक्याच निष्ठेने आत कोंडून ठेवते. घरी परतताच आतला तळवा वेगळा काढून जोड्यात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि जोडा पंख्याखाली वाळवावा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास तळाचा चिकटवा सुटतो. खोबणीत चिखल भरला की क्लीट अडकत नाही, म्हणून वाटेत तो काडीने उकरून काढण्याची तयारी ठेवावी. उन्हाळ्यासाठी तर एसपीडीची क्लीट बसविता येणाऱ्या सँडलही निघाल्या आहेत. उघड्या बोटांना वारा लागतो आणि सुजलेल्या पावलाला पसरण्यास जागा मिळते, म्हणून आपल्या प्रदेशात त्या आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक दिसावयास हव्यात.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष मांडतो. ज्याची वाट शहरातून जाते आणि ज्याला सिग्नल, खड्डे, गल्लीतून अचानक येणारे वाहन यांमुळे पाय वारंवार टेकावा लागतो, त्याने रुंद सपाट पायडल आणि घट्ट तळाचा साधा बूट यांवर समाधानाने राहावे. ही तात्पुरती तडजोड नसून कायमची आणि रास्त निवड आहे. जो सुटीच्या दिवशी घाट चढतो, ब्रेव्हेच्या ठाण्यावर उतरून कार्डावर शिक्का घेतो, चहाच्या टपरीपर्यंत चालत जातो आणि पुन्हा तासन्‌तास पायडल मारतो, त्याच्यासाठी दोन बोल्टांची क्लीट आणि चालण्याजोगा नायलॉनी तळाचा जोडा यांहून योग्य जोडणी नाही; वाटल्यास आरंभी दुहेरी पायडल घ्यावे. तीन बोल्टांची पद्धती त्यालाच शोभते ज्याचा पाय दारापासून दारापर्यंत क्वचितच खाली येतो, म्हणजे शर्यतपटूला आणि मोकळ्या रस्त्यावर पहाटे निघणाऱ्या सरावलेल्या स्वाराला. पैशाची तजवीज मर्यादित असेल तर तो प्रथम जोड्यावर खर्च व्हावा आणि नंतर पायडलावर, कारण साध्या पायडलावर चांगला जोडा निभावतो, पण वाईट जोड्याची भरपाई कोणतेही पायडल करू शकत नाही. आणि दुकानदारांनाही एक विनंती आहे: सायकलीचे माप घेताना गिऱ्हाईकाच्या उंचीबरोबर त्याच्या पावलाची आकृतीही कागदावर उतरवून घ्यावी आणि तो रोज कोणत्या वाटेने जाणार हे विचारावे. एवढी दहा मिनिटांची तसदी घेतली गेली, तर मुंग्यांना आणि दुखऱ्या गुडघ्यांना कंटाळून पहिल्याच वर्षी सायकल गच्चीवर टाकणाऱ्यांपैकी कितीतरी जण आयुष्यभर सायकल चालवीत राहतील.